पाऊस बघून सायकल काढा

मृग नक्षत्र लागलं की कोल्हापुरातल्या कितीतरी सायकली जिन्याखाली जातात. वर जुनी चादर पडते आणि ती थेट दसऱ्याच्या आसपास निघते. एप्रिलमध्ये पन्हाळा न थांबता चढणारा माणूस ऑक्टोबरात वाघबीळच्या अलीकडेच धापा टाकायला लागतो. सराव बंद पडल्यावर दोन-तीन आठवड्यांतच दम उतरायला लागतो. चार महिने गेले की श्रीगणेशापासून सुरुवात. असं दरवर्षी करणारी चांगली तयारीची माणसं आपल्याकडे खूप आहेत.

दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत. पाऊस कितीही असो, रविवारी गगनबावडा गाठायचाच असं ती ठरवतात. बंधाऱ्यावरून पाणी जात असताना त्यातून सायकल काढतात, व्हिडिओ करतात आणि ग्रुपवर टाकतात. खाली अंगठ्यांचा पाऊस पडतो. पुढच्या रविवारी सतरा-अठरा वर्षांचं एखादं पोरगं तेच करायला जातं.

दोघांनाही माझं हात जोडून सांगणं आहे. पावसाळ्यात सराव सोडू नका आणि पावसाशी पैजही लावू नका. आपल्या जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी एका वेळी पाळता येतात, कारण इथे पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि शिरोळला पोचेपर्यंत पाचशेच्या घरात उतरतो. सव्वाशे किलोमीटरच्या आत एवढा फरक पडणारे जिल्हे फार नाहीत. पश्चिमेला झड लागलेली असते तेव्हा हातकणंगले, जयसिंगपूर, नृसिंहवाडीकडे रस्ता कोरडाही सापडतो. तरी आपले बहुतेक सायकलवाले सवयीने पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, गगनबावडा या दिशांनाच जातात. उन्हाळ्यात ते ठीक आहे. जून ते सप्टेंबर मात्र सायकलचं तोंड पूर्वेला वळवा. घाट मिळणार नाही, पण सलग दोन-अडीच तास एकाच लयीत पायडल मारण्याची जी बैठक लागते, ती या सपाट रस्त्यांवरच तयार होते.

पूर्वेला जाताना एक ध्यानात ठेवा. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो. जाताना तो पाठीवर असतो, वेग छान पडतो आणि आज आपली तयारी भारी झाली असं वाटायला लागतं. परतताना तोच वारा छातीवर येतो, सोबत पाऊस असला तर तो तोंडावर येतो. म्हणून अंगात निम्मी ताकद शिल्लक आहे असं वाटेल तेव्हा वळू नका, त्याच्या बऱ्याच आधी वळा. वाऱ्याविरुद्धचा हा परतीचा रस्ता म्हणजे फुकट मिळालेला घाट आहे. हलका गिअर टाका, मान खाली घाला आणि वेगाच्या आकड्याकडे बघूच नका.

आता पाण्याविषयी. हा भाग मी लांबवून लिहिणार आहे, कारण आपल्याकडे जीव जातो तो इथे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत पाणी अडवायचे बरगे आणि वरून पायी, मोटारसायकलीने किंवा सायकलने जाता येईल एवढी वाट. पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात आणि नदी मोकळी करतात. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांवर आणखी कितीतरी आहेत. पाच-सहा किलोमीटरचा वळसा वाचतो म्हणून आपण सर्रास बंधाऱ्यावरून जातो. पण हे बंधारे मुळातच ठेंगणे आहेत, पुरात पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेले. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. मात्र ही पातळी 20 फुटांच्या आसपास असते तेव्हाच राजाराम बंधाऱ्यावरून पाणी वाहत असतं. ‘अजून इशारा पातळी लांब आहे’ हा हिशेब पूररेषेत घर असणाऱ्याचा आहे. सायकलवाल्याने तो करू नये.

वरून बघणाऱ्याला बंधाऱ्यावरचं पाणी घोट्याएवढंच दिसतं. वेगाने वाहणारं अर्धा फूट पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय उचलतं, आणि तुमच्या हातात तर दोन चाकांचा अडसर असतो. चाकाला पाण्याचा आडवा रेटा बसला की सायकल आधी फिरते आणि ती धरून ठेवायच्या नादात माणूस तिच्यामागे जातो. पाणी गढूळ असल्याने कडेचा दगड निसटला आहे का, मध्ये ओंडका अडकला आहे का, हे कळत नाही. कठडा तर नसतोच. म्हणून नियम एकच ठेवा. रस्त्यावरून, पुलावरून, मोरीवरून किंवा बंधाऱ्यावरून वाहतं पाणी दिसलं की मागे फिरायचं. किती खोल आहे ते बघायला पुढे जायचं नाही. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून आपणही जायचं नाही. गावातला कुणी ‘जावा की, काय होत नाही’ म्हणाला तरी जायचं नाही. त्याला त्या पाण्याची सवय आहे, तुम्हाला नाही.

आणखी एका गोष्टीत भली भली माणसं चुकतात. शहरात उघडीप पडली, ऊन आलं, म्हणजे नदी उतरली असं होत नाही. पंचगंगेला पाणी येतं ते सह्याद्रीच्या कड्यावर पडलेल्या पावसाचं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, मग रात्र असो की पहाट. ते पाणी भोगावतीतून खाली पंचगंगेत यायला काही तास लागतात. म्हणजे सकाळी सहाला कोरडा असलेला रस्ता दहाला परतताना पाण्याखाली असू शकतो. निघण्याआधी तीन गोष्टी बघा: राजाराम बंधाऱ्याची पातळी, ती चढते आहे की उतरते आहे, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडे आहेत. पावसाळ्यात ही माहिती रोज जाहीर होते, वर्तमानपत्रांत येते, मोबाइलवर फिरते. पातळी चढती असेल तर नदी ओलांडावी लागणार नाही अशीच वाट घ्या. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकली, खोकुर्लेजवळ पाणी येऊन वाहतूक बंद पडते, हे दरवर्षीचं आहे. रत्नागिरी रस्त्यावर आंबेवाडी ते केर्लीच्या पट्ट्यातही मोठ्या पुरात तीच गत होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तिथे आपल्या सायकलची काय कथा.

पूर ओसरल्यावरही आठवडाभर दम धरा. रस्त्यावर गाळाचा पातळ थर राहतो. तो वाळला की धूळ होते आणि सर आली की साबणासारखा निसरडा होतो. साइडपट्ट्या आतून पोखरलेल्या असतात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उतरावं लागलंच तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस वेळेवर ओळखला तर बरा होतो.

विजेचा धोका मोसमी पावसापेक्षा वळवात जास्त असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि अर्ध्या तासात झोडपून काढतं. म्हणून त्या दिवसांत सराव सकाळीच उरकावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूला वीज पडत असेल तर इशारा देतं, ते मोबाइलवर घेऊन ठेवा. वीज चमकल्यावर तीस अंक मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर तुम्ही धोक्याच्या टापूत आहात. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. आंब्याखाली थांबू नका, शेतातल्या पत्र्याच्या उघड्या शेडखालीही नाही. रबरी टायरमुळे आपण वाचतो ही समजूत खोटी आहे. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा सायकलवर बसू नका.

हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी घरी थांबा. नारिंगी असेल तर शहराच्या जवळपासच राहा आणि तासाभरात परता. पिवळ्या इशाऱ्यात किंवा नुसत्या रिपरिपीत मात्र बाहेर पडायला काहीच हरकत नाही. उलट बाहेर पडावंच. थंड हवेत इंजिन तापत नाही, तसंच शरीराचंही आहे. मे महिन्यात ज्या वेगाला जीव कासावीस होतो, तोच वेग जुलैत सहज राखता येतो.

ओल्या रस्त्यावर सायकल चालवणं हे निराळं कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. वळीव असो की मृगाचा पहिला पाऊस, पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट. महिनोन् महिने डांबरावर मुरलेलं तेल वर येतं. चांगली धुऊन काढणारी सर होऊन गेल्यावर रस्ता त्यामानाने बरा होतो. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर आणि पुलाच्या सांध्यांवर वळू नका, तिथून सरळ जा. खेड्यातल्या झाडाखालच्या रस्त्यांना शेवाळ धरतं आणि ट्रॅक्टर शेतातून वर आला की चिखलाचे पट्टे ओढत नेतो. साचलेल्या डबक्याखाली खड्डा आहे असंच धरून चाला. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-दहा पौंड हवा कमी ठेवली तर पकड चांगली मिळते.

ब्रेकचं नीट समजून घ्या. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पावसात पहिल्या दोन-तीन फेऱ्या रबर फक्त पाणी पुसतं, पकड नंतर येते. म्हणजे तुम्ही दांडी दाबली आणि सायकल तशीच पुढे गेली. घाबरून माणूस आणखी जोरात दाबतो, तेवढ्यात पाणी निघालेलं असतं, ब्रेक एकदम धरतो आणि चाक घसरतं. म्हणून उतारावर मधूनमधून दोन्ही ब्रेक हलके लावून रिम पुसत राहा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. पन्हाळ्याहून उतरताना धुक्यात समोरची गाडी दहा-पंधरा हातांवर येईपर्यंत दिसत नाही आणि तिलाही तुम्ही दिसत नाही. मागचा लाल दिवा भर दिवसा चालू ठेवा. काळा रेनकोट घालून घाटात जाऊ नका, पिवळा किंवा नारिंगी घाला. 2021 च्या जुलैत तर पन्हाळ्याचा रस्ताच खचला होता. मुसळधार पावसात आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस घाटाची वाट सोडलेली बरी.

चढताना अंग तापलेलं असतं, घामाने आणि पावसाने कपडे ओले होतात. माथ्यावर पाच मिनिटं फोटोत जातात आणि उतार लागला की त्याच ओल्या कपड्यांत वारा शिरतो. बोटं बधिर होतात आणि मग ब्रेक दाबला जात नाही. इटलीच्या जिरो स्पर्धेत 5 जून 1988 रोजी गाविया घाटात बर्फ पडत होता. माथ्यावर सगळ्यांच्या पुढे होता तो डच सायकलपटू योहान फान डर फेल्डे, तोही अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. उतारावर थंडीने तो इतका गारठला की त्या दिवशी तब्बल पाऊण तासाने मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने उबदार कपड्यांची तयारी ठेवली होती. त्याने त्या दिवशी आघाडी घेतली आणि पुढे स्पर्धाही जिंकली. आपल्याकडे बर्फ नाही, पण धडा तोच आहे. एक कोरडं विंडचीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवा आणि उतरण्याआधी अंगात घाला. नसेल तर वर्तमानपत्राचा अंक घडी करून जर्सीच्या आत छातीवर लावा. युरोपातले जुने सायकलपटू हेच करत. सुती बनियन घालू नका, ते पाणी धरून ठेवतं. मोटारसायकलवर चालणारा घोळदार रेनकोट सायकलवर धोक्याचा, त्याचा घेर चाकात किंवा चेनमध्ये जातो.

थंड हवेत तहान लागत नाही, पण घाम जातोच. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या. खिशात गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा, दोन्ही पिशवीत घट्ट बांधून. घरी आल्यावर चहाला बसण्याआधी ओले कपडे बदला. पावसाळ्यात मांड्यांमध्ये होणारा नायटा आणि बसण्याच्या जागेचे फोड यांनी जितके सराव बुडतात तितके पावसाने बुडत नाहीत.

आणि ज्या दिवशी बाहेर पडता येणार नाही, त्या दिवसाचं काय? यासाठी आपल्याला कुणाकडे शिकायला जायची गरज नाही. पावसाळ्यात कुस्तीची मैदानं थांबतात, पण तालमी थांबत नाहीत. शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये बांधलेलं खासबाग मैदान ज्या शहरात आहे, तिथे पावसामुळे व्यायाम बुडाला असं सांगणं शोभत नाही. मागचं चाक अडकवून जागेवर सायकल चालवायचा ट्रेनर असेल तर उत्तम. खिडकी उघडी ठेवा, पंखा तोंडावर घ्या आणि साधारण पाऊण तासात उरका. दहा मिनिटं सावकाश, मग चार मिनिटं बोलता येणार नाही इतक्या जोरात आणि तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा, शेवटी दहा मिनिटं सावकाश. आठवड्यातून दोनदा एवढं केलं तरी दम टिकतो. ट्रेनर नसेल तर जोर, बैठका, दोरीच्या उड्या आणि इमारतीचे जिने आहेतच. बैठकांची सवय नसेल तर पहिल्या दिवशी शंभराचा आकडा गाठायला जाऊ नका, गुडघे धरतात. वीस-पंचवीसने सुरुवात करा.

थंडीत स्पर्धा असेल तर तिची तयारी याच महिन्यांत होते. आपल्या जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने 2020 मध्ये गुवाहाटीच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवली, ती जानेवारीत. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, उतरणाऱ्यांनी तर पावसाची ओळख करून घेतलीच पाहिजे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 300 ला 20 तास ही मर्यादा पाऊस आला म्हणून वाढत नाही. 2007 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या ब्रेव्हेमध्ये पावसाने पाठ सोडली नाही आणि कसलेले कितीतरी सायकलपटू अर्ध्यातून परतले. ओल्या अंगाने तासन् तास चालवायची सवय घरी बसून लागत नाही. रिपरिपीतल्या दोन तासांच्या फेऱ्यांनी लागते.

सायकल ग्रुप चालवणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे, कारण पोरं तुमचं ऐकतात. जायचं की नाही हे आदल्या रात्री ठरवा. पहाटे पाचला चौकात सगळे जमल्यावर परत जा म्हणायची हिंमत कुणातच नसते. वाटेत एकजण जरी ‘वळूया’ म्हणाला तर सगळ्यांनी वळायचं आणि कुणीही त्याला त्यावरून बोलायचं नाही. जो आला नाही त्याची ग्रुपवर टिंगल करू नका. त्या टिंगलीच्या भीतीने पुढच्या वेळी तो यायला नको तेव्हा येतो. स्ट्राव्हा ॲपवर आठवड्याचे किलोमीटर कमी दिसले तर काही बिघडत नाही. पाण्यातून सायकल काढल्याचे व्हिडिओ ग्रुपवर आले तर ते काढून टाका आणि का काढले तेही सांगा.

आईवडिलांनी पावसात सरसकट ‘नाही’ म्हणू नये. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, सोबत कोण आहे, एवढं विचारावं आणि ते लिहून ठेवावं. खिशात प्लॅस्टिकमध्ये एक कागद असू द्या: नाव, रक्तगट, घरचा नंबर. अपघात झाला तर 108 ला फोन लावायचा, हे पोरांना पाठ असू द्या. मोटार चालवणाऱ्यांनीही एवढं करावं: पावसात सायकलला ओलांडताना निदान दोन हात अंतर ठेवा आणि डबक्यापाशी वेग कमी करा. तोंडावर गढूळ पाणी उडालं की सायकलवाल्याला दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि त्याच्या मागून दुसरी गाडी येत असते.

परत आल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवून अंघोळीला जाऊ नका. बादलीभर पाणी आणि फडकं पुरे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. सायकल उलटी करून सीटच्या नळीतलं पाणी निथळू द्या. मग ब्रेकचं रबर उजेडाकडे धरून बघा. त्यात वाळूचे कण आणि रिमच्या ॲल्युमिनियमचे चमकणारे कपचे रुतलेले दिसतील. पिनेच्या टोकाने ते एकेक काढून टाका, नाहीतर पुढच्या उतारावर ते रिम खरवडत राहतील. चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा, दहा-बारा वेळा पायडल उलटं फिरवा आणि तशीच ठेवा. सकाळी निघताना वरचं जादा तेल पुसून घ्या, नाहीतर रस्त्यावरचा सगळा चिखल त्यालाच चिकटतो.